तायक्वांदोला दोन हजार वर्षं कशाला हवीत?

तायक्वांदोच्या वर्गांची माहितीपत्रकं चाळली, पुण्यातली असोत की नागपुरातली, तर सुरुवातीलाच एक वाक्य वारंवार भेटतं : ही कोरियाची दोन हजार वर्षं जुनी युद्धकला आहे. सर ते मुलांना सांगतात, मुलं बेल्टच्या परीक्षेत ते पाठ म्हणून दाखवतात. हे वाक्य खरं नाही. कोरियातल्याच अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून कागदपत्रांच्या आधारे ते खोडून काढलं आहे. तरीही ते जागचं हलत नाही, कारण ते हलावं असं फारशा कुणाला वाटत नाही.

हा प्रश्न आता माहितीपत्रकांपुरता राहिलेला नाही. तायक्वांदोला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घ्यावं, असा अर्ज उत्तर कोरियाने २०२४ मध्ये केला. दोन्ही कोरियांनी मिळून ही नोंद करावी, अशी मागणी दक्षिणेतही आहे. स्सिरुम या कोरियन कुस्तीची नोंद २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या नावाने एकत्र झाली होती, त्यामुळे ही आशा हवेतली नाही. पण असा अर्ज करताना इतिहास लिहावा लागतो, आणि तिथे दोन हजार वर्षं लिहायची की ऐंशी, हे कुणाला तरी ठरवावं लागणार आहे. माझ्या मते खरी जन्मतारीख लिहावी. खोट्या वंशावळीने तायक्वांदो तसूभरही मोठा झालेला नाही. उलट त्या वंशावळीपायी तेक्क्यॉन हा दुसरा, अस्सल जुना कोरियन खेळ झाकोळला गेला. त्या खेळात एक विचार आहे, तो आज लाथा मारायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला कळायला हवा.

दोन हजार वर्षांसाठी पुरावे कोणते दिले जातात? आजच्या चीनमधल्या जिआन इथे गोगुर्यो राज्याच्या काळातली थडगी आहेत. त्यांतल्या एकाच्या भिंतीवर दोन पुरुष एकमेकांसमोर हातपाय पसरून उभे आहेत. ते लढताहेत, नाचताहेत की कुस्तीच्या पवित्र्यात आहेत, हे चित्रावरून सांगता येत नाही. दुसरा पुरावा ग्योंगजूजवळच्या सोक्कुरम लेण्यातल्या आठव्या शतकातल्या द्वारपालांचा. मुठी आवळलेले असे रक्षक बौद्ध लेण्यांत आणि मंदिरांत आशियाभर आहेत. तिसरा आणि सगळ्यांत लाडका पुरावा सिल्ला राज्यातल्या ह्वारांग तरुणांचा. ११४५ साली लिहून झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ह्वारांगांबद्दल जे आहे ते वाचलं, तर हे उमराव घरांतले तरुण एकमेकांना सदाचाराची ओढ लावत, गाणं-संगीत करत आणि डोंगर-नद्या हिंडत, असं दिसतं. त्यांतले कित्येक पुढे सेनानी झाले. वॉनग्वांग या भिक्षूने दोन तरुणांना सांगितलेले पाच नियम त्याच परंपरेतले : राजनिष्ठा, आईवडिलांचा मान, मित्राशी इमान, रणात पाठ न दाखवणं, आणि जीव घेताना विवेक. लाथेबद्दल त्यात चकार शब्द नाही.

त्यानंतरचा भक्कम लिखित आधार थेट १७९०चा. राजा जंगजोच्या आज्ञेवरून ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र युद्धविद्याग्रंथ तयार झाला. त्यात चोवीस विद्या आहेत, आणि बहुतेक शस्त्रांच्या किंवा घोड्यावरच्या. निःशस्त्र लढाईचं एकच प्रकरण, आणि तेही मिंग सेनानी छी जिग्वांगच्या चिनी ग्रंथावर बेतलेलं. विशेष म्हणजे संपादकांनी ते लपवलेलं नाही. विद्या कुठून घेतली ते त्यांनी सरळ लिहून ठेवलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी पंडितांकडे जो मोकळेपणा होता, तो आजच्या महासंघांना जड का जावा?

आता खरी जन्मकथा. ली वॉन-गुक हे टोकियोत शिकायला असताना आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी गिचिन यांच्याकडे कराटे शिकले. १९४४ मध्ये, जपानी राजवट अजून होती तेव्हा, त्यांनी सोलमध्ये चंगदोग्वान ही तालीम सुरू केली. रो ब्यंग-जिक हेही फुनाकोशींचेच शिष्य, त्यांची तालीम सोंगमूग्वान. युन ब्यंग-इन मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकले आणि मग जपानमध्ये कराटेकडे आले. ह्वांग गी यांनी मुक्तीनंतर मूदॉकग्वान काढली. १९४६ पर्यंत अशा पाच मुख्य तालमी उभ्या राहिल्या होत्या. तिथे पांढरा गणवेश होता, पट्टे होते, दानच्या (काळ्या पट्ट्याच्या) श्रेणी होत्या, आणि शिकवले जाणारे क्रम, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, जपानी कराटेचेच, कोरियन उच्चारात. विद्येचं नावही तांगसूदो किंवा कोंगसूदो, म्हणजे ‘कराटे’ ज्या अक्षरांनी लिहितात तीच अक्षरं कोरियन पद्धतीने वाचलेली.

यात लाज वाटण्यासारखं काय आहे? त्या काळात जाऊन पाहिलं, तर बरंच होतं. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केलं. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार केली, लोकांना जपानी नावं घ्यायला लावली. १५ ऑगस्ट १९४५ला त्यातून सुटलेल्या सोलमध्ये उभं राहून एखाद्या गुरूने पोरांना सांगावं की मी तुम्हाला शिकवतोय ती विद्या मी टोकियोत शिकलो, ही अपेक्षा सोपी नव्हती. पुढे युद्ध झालं, देश दुभंगला, लष्करी राजवट आली, आणि तिला प्राचीन वीर हवे होते. त्या पिढीने जुनी वंशावळ शोधली याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. माझी तक्रार आजच्यांशी आहे. आजच्या दक्षिण कोरियाला कुणापुढे काही सिद्ध करायचं उरलेलं नाही.

शिवाय त्या पिढीने जे खरोखर केलं, ते कुठल्याही पुराणकथेपेक्षा मोठं आहे. जनरल चोई होंग-ही यांनी लष्करात ही विद्या रुजवली आणि नवे क्रम बांधले. त्यांतल्या एकाचं नाव जुंग-गुन. आन जुंग-गुन या क्रांतिकारकाने २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या स्टेशनवर इतो हिरोबुमीला गोळ्या घातल्या. हा इतो म्हणजे कोरियावर नेमलेला जपानचा पहिला रेसिडेंट जनरल. पुढच्याच मार्चमध्ये ल्युशुनच्या तुरुंगात आनला फाशी झाली. कोरियन मोजणीने त्याचं वय तेव्हा ३२ होतं, म्हणून या क्रमात ३२ हालचाली आहेत. जपान्यांकडून शिकलेल्या हालचाली घेऊन, त्या नव्याने गुंफून, त्यांना जपानी सत्तेविरुद्ध मेलेल्या माणसाचं नाव द्यायचं आणि त्याच्या आयुष्याची वर्षं त्यात मोजून बसवायची! हा क्रम रोज करणाऱ्या मुलाला त्यातला हा अर्थ कळायचा असेल, तर त्याला आधी हे ठाऊक हवं की हालचाली आल्या कुठून. मूळ लपवलं की अर्थही गेला.

दुसरं काम स्पर्धेच्या नियमांनी केलं. कराटेत हाताला मान होता. कोरियातल्या खेळाडूंनी १९६०च्या दशकात अंगावर होगू, म्हणजे छातीचं चिलखत, चढवून पूर्ण जोराने सामने खेळायला सुरुवात केली, आणि गुणांचं माप पायाकडे झुकत गेलं. त्यातून उंच, गिरकी घेणाऱ्या, एकामागून एक येणाऱ्या लाथांची जी विद्या घडली ती आधी कुठेच नव्हती. सोलमधलं कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्यालय १९७२ मध्ये उभं राहिलं, जागतिक महासंघ १९७३ मध्ये झाला, १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ आणि २००० मध्ये सिडनीला पदकाचा खेळ. चंगदोग्वानपासून सिडनीपर्यंत छप्पन्न वर्षं. उसनी विद्या घेऊन अर्ध्या शतकात ती पूर्ण आपली करून जगाला देणं, हे ज्या देशाने केलं त्याने गोगुर्योच्या भिंती का धुंडाळाव्यात?

आता तेक्क्यॉनकडे येतो. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष री सुंग-मान यांच्यासमोर लष्करी जवानांनी प्रात्यक्षिकं केली. चोई यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की कौलं फोडणाऱ्या जवानाला पाहून वृद्ध अध्यक्ष म्हणाले, हे तर तेक्क्यॉन. समोर चाललं होतं ते कराटेच्या घराण्यातलं. पण अध्यक्षांच्या तोंडून जुना शब्द निघाला आणि दिशा ठरली. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘तायक्वांदो’ हे नाव निवडलं गेलं, आणि ते त्या जुन्या शब्दाच्या जवळ जाणारं आहे हा योगायोग नव्हता. पुढे प्रत्येक माहितीपत्रकात तेक्क्यॉन हा प्राचीन काळ आणि तायक्वांदो यांना जोडणारा पूल म्हणून येऊ लागला.

ज्या वेळी हे चाललं होतं, तेव्हा खरा तेक्क्यॉन जाणणारा माणूस त्याच सोल शहरात राहत होता. सोंग दॉक-गी, जन्म १८९३. इन्वांग डोंगराच्या पायथ्याच्या साजिक-दोंग भागात लहानपणी इम हो नावाच्या गुरूकडे ते हा खेळ शिकले. ते तिरंदाज होते, तरुणपणी फुटबॉलही खेळले. जपानी राजवटीत गावोगावचे सामने बंद पडत गेले, जुने खेळाडू एकेक करून गेले, सोंग मात्र राहिले. १९५८ मध्ये अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. म्हणजे राज्यकर्त्यांना हा माणूस माहीत होता. तरीही तेक्क्यॉनला सरकारी वारसा म्हणून मान्यता मिळायला १९८३ उजाडावं लागलं. सोंग तेव्हा नव्वदीचे होते. चुंगजूच्या शिन हान-संग यांनी कागदपत्रं जमवून, म्हाताऱ्या माणसांना भेटून, विद्येची शिस्तवार मांडणी करून हा पाठपुरावा केला होता. दोघांनाही वारसाधारक म्हणून घोषित केलं, आणि दोघेही १९८७ मध्ये वारले. एखाद्या परंपरेचा धागा किती बारीक असू शकतो, ते यावरून कळावं.

तेक्क्यॉनची साधनं थोडी आहेत, पण ती तेक्क्यॉनचीच आहेत. १७९८च्या एका कोरियन कोशवजा ग्रंथात त्याचं नाव येतं. एकोणिसाव्या शतकातल्या यू सुक या चित्रकाराच्या चित्रात गर्दीच्या रिंगणात एक जोडी कुस्ती खेळतेय आणि दुसरी तेक्क्यॉन, भोवती टोप्या घातलेले प्रेक्षक बसलेत. १८९५ मध्ये स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकन अभ्यासकाने कोरियन खेळांची नोंद छापली, त्यात लाथांचा हा खेळ आहे. म्हणजे त्याची जागा रणांगणात नव्हती, ती जत्रेत आणि गल्लीत होती. वरच्या आळीची पोरं विरुद्ध खालच्या आळीची, आधी लहान मुलं, मग मोठी माणसं, जिंकेल तो रिंगणात राहणार आणि समोर नवा गडी येणार.

हा खेळ एकदा नीट पाहावा, कारण त्याचा विचार पुस्तकात नाही, अंगात आहे. दोघे समोरासमोर येतात आणि थांबत नाहीत. पाय एका त्रिकोणाच्या तीन टोकांवर पडत राहतात, गुडघ्याची खोबण दर पावलाला लवते, कंबर पुढे झुलते, हात ढिले हलतात. याला पुमबाप्की म्हणतात. मधूनच ‘इक्कु’, ‘एक्कु’ असा पोटातून आवाज येतो. पाहणाऱ्याला नाच वाटतो. आणि त्याच झुलण्यातून एक टाच समोरच्याच्या घोट्यामागे जाऊन गळासारखी अडकते, किंवा पाय अचानक उडून कानशिलापर्यंत जातो. तोल जाऊन समोरचा खाली आला, की डाव संपला. चेहऱ्याला पाय नेमका लागला, तरी संपला. अंगावर मारायची लाथ पायाच्या तळव्याने ढकलायची असते, टोचून मारायची नसते. समोरचा मागे फेकला जातो, त्याची बरगडी शाबूत राहते.

सगळ्यांत मोलाचा नियम देजॉप. सामन्यात दोघांनीही एक पाय पुढे, समोरच्याच्या टप्प्यात ठेवायचा. अंतर राखून, पळून पळून खेळायचं नाही. मला मारता येईल इतकं जवळ मी तुला येऊ देतो, आणि तूही मला येऊ देतोस. स्वतःला थोडं उघडं ठेवल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. जगातल्या बहुतेक लढाऊ विद्या पहिल्या दिवशी अंग झाकायला शिकवतात. हा खेळ पहिल्या दिवशी पाय पुढे करायला लावतो. माझ्या मते कोरियाच्या युद्धकलांमध्ये तत्त्वज्ञान शोधायचं असेल तर ते इथे आहे. भिंतीवर टांगलेल्या पाच शपथा कुणीही पाठ करेल. पुढे ठेवलेला पाय मात्र रोज ठेवावा लागतो, आणि समोरच्यावर विश्वास असल्याशिवाय तो ठेवता येत नाही.

तेक्क्यॉनला सोवळं करून मांडण्याचीही गरज नाही. १९२०च्या दशकात छापलेल्या एका कोरियन संग्रहात लिहिलं आहे की या खेळाने लोक सूडही घेत आणि पैजाही लावत, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली. खेळाडूंना हाडं मोडणारे जुने पेचही ठाऊक होते, सोंग यांनी ते दाखवलेही आहेत. पण सामन्यात ते वापरायचे नाहीत, असा संकेत होता. आज ज्याला पाडलं तो उद्या सकाळी विहिरीवर भेटणार आहे, त्याची बहीण आपल्या चुलत्याच्या घरात दिलेली आहे. ताकद असून ती आवरण्याची ही शिस्त एकत्र नांदण्याच्या गरजेतून आली. युनेस्कोने २०११ मध्ये तेक्क्यॉनची नोंद केली तेव्हा याच गोष्टीला महत्त्व दिलं : खरा निष्णात समोरच्याला इजा न करता माघार घ्यायला लावतो.

दोन हजार वर्षांच्या कथेने नेमकं हेच पुसलं. तेक्क्यॉनला पूल बनवायचं तर तो सैनिकी असायला हवा, ह्वारांगांचा वारस असायला हवा, राजनिष्ठा आणि रणात पाठ न दाखवणं त्याच्या गळ्यात घालायला हवं. गल्लीतल्या पोरांचा, हसण्या-खिदळण्याचा, पैजेचा आणि आवरलेल्या ताकदीचा खेळ त्या कथेत बसत नव्हता. तेक्क्यॉनच्या लोकांनाही मग तोच मोह झाला, आणि तेही गोगुर्योची चित्रं दाखवू लागले. आज कोरियात तेक्क्यॉनच्या एकाहून अधिक संघटना आहेत. शिन यांनी मान्यतेसाठी बांधलेला अभ्यासक्रम खरा की सोंग मोकळेपणाने शिकवत ते खरं, हा वाद त्यांच्यात चालू आहे. तो वाद मला निरोगी वाटतो. शंभर वर्षांच्या आतला, माणसांची नावं ठाऊक असलेला, पुराव्याने लढता येणारा वाद आहे तो. दोन हजार वर्षांबद्दल वादच घालता येत नाही, फक्त मान डोलावता येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : सगळेच असं करतात, मग कोरियालाच का धरता? सगळे करतात हे खरं. ओकिनावाहून आलेल्या कराटेच्या नावातलं चीनदर्शक अक्षर जपानने १९३०च्या दशकात बदलून टाकलं. आणि आपण तरी कुठे मागे आहोत? बोधिधर्म भारतातून शाओलिनला गेला आणि त्याने चिन्यांना लढायला शिकवलं, म्हणजे कुंग-फू, कराटे, तायक्वांदो सगळं मूळ आपलंच, हे आपल्याकडे व्याख्यानांत आणि व्हॉट्सॲपवर छाती फुगवून सांगितलं जातं. बोधिधर्माच्या नावावर व्यायाम घालणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, त्याच्यानंतर हजाराहून जास्त वर्षांनी लिहिलेला. कोरियाच्या भिंतीवरच्या चित्राला आपण पुरावा मानणार नसू, तर हाही मानता येणार नाही. दोन्ही देशांत रोग एकच आहे : आजच्या माणसांच्या मेहनतीवर आपला विश्वास नाही, म्हणून तिच्यावर प्राचीनतेचा शिक्का हवा.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मी जास्त गंभीरपणे घेतो. मुलांना कथा लागते, ते म्हणतात, जुनेपणा सांगितला की मुलं अदबीने उभी राहतात. पण कथा तर आहेच. राज्यकर्त्यांच्या राजधानीत शिकायला गेलेला विद्यार्थी परत येतो आणि शत्रूकडून शिकलेल्या विद्येतून आपल्या देशाची विद्या घडवतो. त्याच शहरात एक म्हातारा लहानपणीचा खेळ नव्वदीपर्यंत अंगात सांभाळून ठेवतो आणि मान्यता मिळाल्यावर चार वर्षांत जातो. दहा वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार नाही? अदब खोट्या आकड्यातून आली असेल, तर पोरगं पंधराव्या वर्षी इंटरनेटवर खरं वाचेल त्या दिवशी ती जाईल, आणि सरांच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही सोबत नेईल.

तेव्हा संयुक्त अर्ज झालाच, तर त्यात १९४४ लिहावं, चंगदोग्वान लिहावं, फुनाकोशींचं नाव लिहावं, आणि १९६०च्या दशकातल्या त्या खेळाडूंनी पायाची विद्या कशी घडवली ते तपशिलात लिहावं. युनेस्कोच्या यादीला वयाची अट नाही. परंपरा आज जिवंत आहे का आणि लोक ती पुढे देताहेत का, एवढंच तिथे पाहिलं जातं, आणि तायक्वांदोइतकी हातोहात पुढे गेलेली परंपरा शोधून सापडायची नाही. तेक्क्यॉनला त्याचा पूर्वज म्हणून त्यात ओढू नये. त्याची नोंद स्वतंत्र आहे आणि ती तशीच राहावी.

आपल्या वर्गांपुरतं करायचं ते याहून सोपं आहे. बेल्टच्या परीक्षेत इतिहासाचा प्रश्न असतोच, त्याचं उत्तर बदलावं : तालमी १९४४ पासून, नाव १९५५ मध्ये, मूळ कराटेत, पायाची विद्या कोरियाची. आणि आठवड्यातून एकदा, होगू आणि हेल्मेट बाजूला ठेवून, मुलांना जोडीने उभं करून एक पाय समोरच्याच्या टप्प्यात ठेवायला सांगावा. लाथ तळव्याने, ढकलून, हसत. जो पडेल त्याला पाडणाऱ्यानेच हात देऊन उठवायचं, आणि मग पाय पुन्हा पुढे.